सोल

आधी माफी मागतो. मला संगीतातलं काही कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि वाद्य म्हणाल तर चुलत्यांचा एक ढोल, तोही जत्रेपुरता. कडूबा मास्तरांवर खरं तर त्यांच्याबरोबर ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांनी लिहायला हवं. मी दोघांना विचारलंही. ते म्हणाले, "मास्तरांवर काय लिहिणार? ते वाजवायचे तेव्हा कळायचंच नाही. थांबले की कळायचं." म्हणून मी बसलो आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मोठी चूक पुढं येईलच.

मास्तर वांगं सोलून खायचे. भरताचं नव्हे, साध्या रस्सा भाजीचं कच्चं वांगं. नव्या शर्टाचा खिसा पहिल्याच दिवशी उसवून टाकायचे. कॅलेंडरवरचा देव, राशिभविष्य, जाहिरात, सगळं कात्रीनं कापून नुसत्या तारखा भिंतीला लावायचे. का म्हणून विचारलं की एकच उत्तर: "सोल. राहील ते खरं."

हे सगळं एका कॅसेटमुळं झालं. तरुणपणी त्यांनी गुलमंडीच्या बाजारातल्या जुन्या कॅसेटींच्या ढिगातून एक उचलली. कव्हर नाही, गायकाचं नाव नाही. फक्त बॉलपेननं मराठीत लिहिलेलं, 'सोल'. ते परदेशातल्या एका गाण्याच्या प्रकाराचं नाव आहे हे त्यांना बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर त्यांना वाटत होतं की ही ऐकणाऱ्याला सूचना आहे. कांदा सोल, तसं सोल.

त्यात त्यांच्या टेपचा डावा स्पीकर मेलेला. गाणारा, पिपाण्यावाले, सगळे डावीकडं. उजवीकडं एकटा गिटारवाला. तोही कंजूष. छक्, मग मोकळी जागा, मग पुन्हा छक्. मास्तरांची खात्री पटली की ह्या माणसानं आख्खं गाणं सोलून आतला गर तेवढा ठेवलाय. तेव्हापासून तो त्यांचा गुरू. नाव माहीत नव्हतं म्हणून ते त्याला 'उजवा' म्हणायचे.

बजाजनगरात माझा चुलतभाऊ शिवादादा राहतो, वाळूजला कंपनीत आहे. कॉलेजसाठी मी त्याच्या खोलीवर आलो, आणि शेजारच्या खोलीत मास्तर एकटे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठला?"

"अजिंठ्याजवळचा."

"जग लेणी बघाया तिकडं जातं, अन् तू इकडं आलास व्हय?"

त्या दिवसापासून माझं नाव अजिंठा.

मास्तर दिवसा कंपनीच्या रंगखात्यात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटारवर. एका लग्नात नवरदेवाचे मामा स्टेजवर चढले आणि म्हणाले, "ह्यांची वायर निघाली का बघा की कुणीतरी." मास्तर शांतपणे म्हणाले, "जोडलेली हाय. दम धरा." आणि बऱ्याच वेळानं एकदाच छक् केलं. मामा तोवर जेवायला गेले होते. पण शिवादादा सांगतो, त्या एका छक्नं बसलेली माणसं उठून नाचायला लागली. जिल्हाभरातले वाजवणारे मास्तरांना ऐकायला बिनबोलावलेल्या लग्नात जेवून यायचे.

मी वक्तृत्व स्पर्धेचं पाच मिनिटांचं भाषण त्यांना म्हणून दाखवलं. ते डोळे मिटून म्हणाले, "सोल." सोलता सोलता दीड मिनिट राहिलं. स्पर्धेत माझा नंबर आला नाही. परीक्षकांनी विचारलं, बाकीचं विसरलास का?

रोज दिवेलागणीला अर्धा तास ते ओट्यावर वाजवायचे. गल्लीला त्याची सवय होती. मी एकदा म्हणालो, "मास्तर, मोबाईलला नुसतं गाणं ऐकवलं की तो सगळं सांगतो. उजव्याचं नाव काढू का?"

ते एकदम कडक झाले. "नाव काढायचं नाय. नाव नाय तोवर माणूस मरत नाय. नाव कळलं की लोक तारीख बी सांगतात."

मला वाटलं, चेष्टा करतात. गेल्या थंडीत त्यांच्या टेपवरचा तुकडा मी गुपचूप मोबाईलला ऐकवला. गाणं सापडलं, मग वाजवणाऱ्यांची नावंही सापडली. मला वाटलं, मास्तरांना याहून मोठी भेट कोण देणार! संध्याकाळी त्यांच्या दोन्ही कानांत इअरफोन घातले आणि गाणं लावलं. मास्तर दचकले.

"हा कोण मधीच बोंबलतोय?"

"मास्तर, तो गायक आहे. गाणं त्याचंच आहे."

"त्याचं?" त्यांनी डाव्या कानातला काढून टाकला. "सोल त्याला."

मी खूप हसलो, आणि हसता हसता उजव्याचं नाव सांगून टाकलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. मास्तरांनी दोनदा हळू म्हणून पाहिलं. मग विचारलं, "हाय का?"

तेव्हा खोटं बोलता आलं असतं. पण मी खोटं बोलत नाही याचा मला अभिमान होता.

"नाही, मास्तर. जाऊन लई वर्षं झाली."

ते उठले आणि अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट बसले. मी टॉवेल घेऊन उभा. कुडकुडत म्हणाले, "दहा दिस उलटून खबर आली तर सुतक नसतं. नुसती अंघोळ. बाप गेला तवा मी परभणीला वाजवत व्हतो. बारा दिसांनी कळलं. तवा बी अशीच केली."

त्यांनी गिटार खोळीत घातली. सुतक नाही म्हणाले होते, म्हणून मी रोज वाट पाहिली. महिना गेला. शेवटी धीर करून विचारलं.

"कुणासाठी वाजवू?" ते म्हणाले. "मी जागा सोडायचो ना, तवा वाटायचं, तिकडं तो वाजवतोय. त्यानं सोडली की मी. आता नुसतीच जागा राहिली, अजिंठा."

सुट्टी लागल्यावर मी आबांकडं, म्हणजे वडिलांकडं गेलो. ते मेंढरं घेऊन दूरच्या एका रानात बसले होते. तिथं रेंज नाही. मीठ-पीठ आणायला बाजाराच्या गावाला गेलो तेव्हा मोबाईल वाजला. शिवादादा होता. मास्तर झोपेतच गेले होते, म्हणाला. सोळा दिवस झाले. दोन दिवस कुणाला पत्ताच नव्हता, वास आला तेव्हा दार तोडलं.

"दोन दिवस? गल्लीत कुणाला कसं कळलं नाही?"

"कसं कळणार? पहिल्यासारखं वाजत असतं, तर थांबलेलं कळलं असतं. गिटार तर थंडीपासनंच बंद हाय."

मी मेंढरांच्या वाड्यावर परतलो. माझं तोंड बघून आबांनी विचारलं, "कोण गेलं?"

"मास्तर."

"आपलं कोण लागायचे?"

मी मीठ-पिठाची पिशवी खाली ठेवली. आबा म्हणाले, "किती दिस झाले?"

"सोळा."

"मग सुतक नाय." त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या हातात दिली. "नुसती अंघोळ. जा, हिरीवर मोटार चालू हाय."