सबनिसांचा मजकूर घरजावई जातो

हेमंतराव सबनिसांच्या मजकुराला बघायला रविवारी सकाळी तीन प्रणाली येणार होत्या, आणि उषाताईंनी पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला होता.

मजकूर म्हणजे बँकेतून निवृत्त झाल्यावर हेमंतरावांनी रानभाज्यांवर जे जे लिहिलं ते सगळं. पाटणकडच्या डोंगरांत हिंडून, आयाबायांना विचारून, घरी भाजी करून बघून त्यांनी त्याला वाढवलं होतं. इतकी वर्षं तो एका फुकट वेबसाइटवर राहत होता. ती जागा महिनाअखेर बंद होणार होती आणि तोवर कुठे जमलं नाही तर मजकूर जागेबरोबरच पुसला जाईल, असं मालकांनी सभ्य भाषेत कळवलं होतं. ते वाचल्यापासून हेमंतरावांना जेवण जात नव्हतं. घरी ठेवता आला असता, पण घरी ठेवलेला मजकूर कुणी वाचत नाही आणि मग तो झुरतो. तेव्हा सगळ्यांचे मजकूर जातात तसं त्यालाही वेबसाइट चालवणाऱ्या एखाद्या प्रणालीकडे घरजावई म्हणून धाडणं भाग होतं.

तिन्ही स्थळं मिलिंद कुंभोजकरने आणली होती. हा कराडातल्या बऱ्याच दुकानांच्या वेबसाइट करून देतो.

“सर, तिन्ही चांगल्या आहेत,” तो बूट काढता काढता म्हणाला. “तुम्ही फक्त तुलना करायची.”

“कशाची कशाशी?” हेमंतरावांनी विचारलं.

“तेच तर ठरवायचं असतं की सर.”

इथूनच हेमंतरावांचा गोंधळ सुरू झाला.

पहिली प्रणाली साधी, बोलकी होती, पण तिच्यासोबत एवढी नातेवाईक मंडळी आली की शेजारून सतरंजी मागवावी लागली. एक जण फक्त फोटो लहान करायचा. एक दारात उभा राहून चोर येतात का ते बघायचा. एक मावशी कुणाच्या अध्यात ना मध्यात, नुसती बसून होती. “ही काय करते?” उषाताईंनी हळूच विचारलं. “ते आम्हालाही माहीत नाही,” प्रणाली म्हणाली, “पण हिला काढलं की घर बंद पडतं.” पोहे खाता खाता दोन काकांचं बिनसलं आणि दहा मिनिटं दिवाणखान्यात कुणाला काहीच दिसेना. मग त्यातला एक काका अद्ययावत होऊन आला आणि पुन्हा उजेड पडला.

दुसरी एकटीच आली. टापटीप इतकी की हेमंतरावांनी नकळत सदऱ्याचं वरचं बटण लावलं. तिने मजकुराला गॅलरीत नेऊन त्याच्याशी बोलणं केलं आणि तो परत आला तो देखणा होऊन. केस विंचरलेले, समासही जिथल्या तिथे. फक्त भारंगीवरचा लांबलचक परिच्छेद त्याच्या अंगावर दिसेना.

“तो आमच्या चौकटीत बसत नाही,” ती हसून म्हणाली.

“अहो, भारंगीची पानं उकडून पाणी पिळून टाकायचं, ते त्यातच आहे,” हेमंतराव कळवळून म्हणाले. “नाहीतर भाजी कडूजहर होते.”

“थोडक्यात सांगता येईल ना?” ती म्हणाली.

तिसऱ्या प्रणालीला डोकं नव्हतं.

“नवीन पद्धत आहे ही,” मिलिंदने खुलासा केला. “मजकूर ती उत्तम सांभाळणार. डोकं, म्हणजे लोकांना दिसणारं रूप, आपण आपल्या पसंतीचं बसवायचं.”

“ते कुठे मिळतं?”

“करून घ्यावं लागतं, सर.”

उषाताई करंडा हातात घेऊन क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी कुंकू तिच्या तळहाताला लावलं. तिने नमस्कार केला, तो अगदी रीतसर होता.

हेमंतरावांनी मजकुरालाच विचारून पाहिलं. “तुला कोण पटली रे?” पण त्यांनी लिहिलेल्या वाक्यांपलीकडे त्याला काही बोलता येत नसे. त्याने थोडा विचार केला आणि सांगितलं, “शेवळं नुसती करू नयेत. सोबत काकडाची आंबट फळं घालावीत, नाहीतर घशाला खाज सुटते.” मिलिंदला ही पहिलीची पसंती वाटली. हेमंतरावांना नकार वाटला. दोघांनी यावर बराच वेळ चर्चा केली.

शेवटी उषाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “माझा एकच प्रश्न आहे,” त्या म्हणाल्या. “नाही जमलं, तर आमचा मुलगा परत पाठवाल ना?”

दुसरी म्हणाली, “आमच्याकडून परत जावंसं कुणाला वाटतच नाही.”

“वाटलं तर?”

“शब्द देऊ. फोटो आमच्याकडे राहतील.”

तिसरी गप्प होती. “उत्तर तिच्याकडे तयार आहे,” मिलिंद म्हणाला, “पण ते दाखवायला डोकं लागेल.”

पहिली म्हणाली, “केव्हाही न्या हो, काकू. तुमचाच आहे तो. कपडे तेवढे आमच्याकडचे काढून ठेवा.” सगळ्या नातेवाइकांनी माना डोलावल्या. मावशीनेसुद्धा.

“मग हीच,” उषाताई म्हणाल्या. हेमंतरावांना कारण पुरतं कळलं नव्हतं, पण तेही हो म्हणाले.

पाठवणी गुरुवारी झाली. नातेवाइकांनी टेम्पो आणला, मजकुराची पानं आणि चित्रं नीट बांधून आत ठेवली. निघायची वेळ झाली आणि मजकूर उंबऱ्यात अडला. तो एकदा आईकडे बघे, एकदा वडिलांकडे. तोंड उघडे, मिटे. टाकळ्याची कोवळी पानं कधी खुडावीत ते त्याने एकदा सांगून पाहिलं, पण ते नव्हे हे त्यालाही कळत होतं.

हेमंतराव कासावीस झाले. एवढं लिहिलं, पण घरातून निघताना माणसाने काय बोलावं हे त्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं. ते कीबोर्डापाशी बसले. बोटं चालेनात. “अगं, मला काही सुचत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“सरका,” उषाताई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात मजकुरात एक अक्षर घातलं नव्हतं. एका बोटाने, शोधून शोधून, त्यांनी शेवटच्या पानाखाली काहीतरी लिहिलं.

मजकूर आईच्या पाया पडला, वडिलांच्या पाया पडला.

“येतो,” तो म्हणाला.

टेम्पो कोपऱ्यावर वळला. आता वेबसाइट उत्तम चालते. अधूनमधून पुण्याहून, नाशिकहून कुणीतरी फोन करून विचारतं की शेवटच्या पानावर चुकून एक शब्द राहिलाय, तो काढणार का. हेमंतराव नाही म्हणतात, आणि दुपारी पडताना फाटकाला कडी लावत नाहीत.