गोळ्यांची हजेरी

श्रद्धा डोंगर हलवते, असं म्हणतात. आमच्या मुळशीत ते काम जेसीबीने हाती घेतल्यापासून श्रद्धेकडे किरकोळ कामं उरली आहेत. त्यातलं एक रोज सकाळी आठ वाजता घोटावड्याच्या चौकात, मंदाताईंच्या चहाच्या टपरीवर चालतं.

आठच्या ठोक्याला शमुवेल मास्तर येतात. शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, वजनही पुष्कळ उतरलं, पण छाती अजून 'सावधान'मध्येच आहे. बाकावर बसतात, खिशातून प्लास्टिकची डबी काढतात आणि चारचौघांत गोळ्यांची हजेरी घेतात.

"पांढरी मोठी. हजर. पिवळी. हजर. शुगरची आहे बरं का, धोंडिबा."

मग बिनसाखरेचा चहा, एरंडेल प्यावं तशा तोंडाने.

मी त्यांच्या शेजारी भाड्याने राहतो. पहिले काही महिने मला हा निव्वळ दिखाऊपणा वाटायचा, आणि दिखाऊपणा ओळखण्यात माझा हातखंडा आहे, असा माझा समज होता.

समोर धोंडिबा असतो. रिहे गावचा, साठीतला, एका फार्महाऊसवर राखण करतो. त्याला बीपी आहे. मास्तरांच्या गोळ्या घशाखाली उतरल्याशिवाय तो आपली काढत नाही.

"जीभ दावा, मास्तर."

मास्तर जीभ दाखवतात. जन्मभर पोरांची नखं तपासलेला माणूस.

"गेली का?"

"गेली."

"मंग मी घेतो."

या कवायतीचं मूळ मंदाताईंनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी मास्तरांनी पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष दिली: प्रभूने माझी साखर घालवली, गोळ्या मी ओढ्यात फेकल्या. लोक रडले. धोंडिबाची बायको शेवंता तिथे नवीन होती, रोज इन्सुलिन टोचून घ्यायची. सभा सुटल्यावर तिने विचारलं, "मास्तर, तुमी गोळ्या सोडल्या, मंग मी बी सुई सोडू का?"

मास्तर हसले.

पुढे भाताच्या खाचरात तिच्या पायाला पत्रा लागला. महिन्याभरात पाय गेला, आणि पायामागे ती.

धोंडिबाने आपल्या गोळ्या चुलीत टाकल्या. समजवायला गेलेल्या मास्तरांना त्याने उंबऱ्यातच थांबवलं. "द्येवाचं नाव माझ्याम्होरं काढायचं न्हाई. तुमचं बघून तिनं सोडलं. आता तुमी खाल तर मी खाईन. तुमी सोडल्या की मी बी सोडणार."

दुसऱ्या दिवशी मास्तर डबी घेऊन टपरीवर आले.

प्रार्थनासभेच्या पाळकसाहेबांनी एकदा माझ्यादेखत मास्तरांना गाठलं. "मास्तर, पुन्हा साक्ष कधी देताय?"

"साखर परत आली, साहेब."

"विश्वास कमी पडला."

"पडला असेल."

पूर्वी ते सभेत पुढच्या सतरंजीवर बसायचे म्हणे. आता चपलांजवळ बसतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी सोबत गेलो. डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले. "यांना शुगर नाही. गोळ्या कसल्या चालू आहेत?"

मास्तरांनी डबी पुढे केली. डॉक्टरांनी एकेक गोळी उलटीपालटी केली. "ही कॅल्शियमची. ही व्हिटॅमिनची. घ्या, काही बिघडत नाही."

मी औषधं घ्यायला मागे राहिलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, वजन उतरलं की काहींची शुगर जाते. मास्तरांना मी हे सांगितलं नाही. प्रत्येक खरी गोष्ट लगेच सांगायला हवी, हा माझा आग्रह तोवर ढिला पडला होता.

रिक्षात मी विचारलं, "म्हणजे परत आलीच नव्हती?"

"नाही. सहा वर्षं नाही."

"मग चमत्कार झाला की."

"झाला ना. पण सांगू कुणाला? मागच्या वेळी सांगितला, तर एक बाई गेली." पिरंगुट आल्यावर म्हणाले, "डॉक्टरला विचार, एवढंच तिला म्हणायचं होतं मला. मी हसलो. आपल्याला कुणी विचारलं की बरं वाटतं हो."

दुसऱ्या दिवशी डोळ्यावर हिरवी पट्टी, पण आठला मास्तर बाकावर. पांढरी हजर, पिवळी हजर. धोंडिबाने जीभ तपासली, आपली गोळी घेतली आणि पट्टीकडे बघत राहिला.

"डोळ्याचं इचारलं का तुमच्या द्येवाला?"

सहा वर्षांत हा शब्द त्याने स्वतःहून पहिल्यांदा काढला होता. मास्तरांनी डबी खिशात ठेवली.

"आधी डॉक्टरला विचारलं."

धोंडिबाने मान हलवली. मंदाताईंनी बिनसाखरेचा कप पुढे सरकवला.

मास्तरांना तीन चमचे साखरेचा चहा आवडतो. डॉक्टरांची काही हरकत नाही.