वॉलनटचे दोन हात

दाराचा रंग ज्याला मनापासून आवडलेला नसतो, त्याला ते दार पॉलिश वाळल्यावर उघडत नाही. आतून नाही आणि बाहेरूनही नाही. म्हणून कोठावळ्यांकडे पॉलिशवाले गफूर मिस्त्री आले ते शेडकार्डाबरोबर अर्जही घेऊन आले. अर्जात प्रत्येकाच्या नावापुढे दोनच चौकटी होत्या: पसंत, नापसंत.

शेडकार्ड थोरल्या काकांनी घेतलं आणि दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिलं नाही. "गडद वॉलनट. घराण्याला शोभेल असा." मग रीतीप्रमाणे सगळ्यांना विचारलं, "काय, चालेल ना?"

पप्पा म्हणाले, "चालेल." आई म्हणाली, "चालेल की." दोघांनी 'पसंत'वर खूण केली.

स्वप्नालीने खूण केली नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या गुळव्यांची आजी चौदा वर्षं बाथरूममध्ये होती. तीही चालेल म्हणाली होती. सून दाराखालच्या फटीतून तिला रोज पोळी सरकवायची. भाकरी जात नसे.

"मला नाही आवडला," स्वप्नाली म्हणाली. "जळक्या गुळासारखा दिसतो."

"डिप्लोमा अर्धवट टाकलास तेव्हा आम्हाला विचारलं होतंस?" काका म्हणाले. "आता दारांवर मत देतेयस."

"तुम्हाला तरी खरंच आवडलाय का?"

"मी निवडलाय म्हटल्यावर आवडायचा प्रश्न येतो कुठे?"

मिस्त्रींनी तिच्या नावापुढे 'नापसंत'वर खूण केली आणि चिंधी पॉलिशमध्ये बुडवली. "ताई, दोन हात मारतो. चारला वाळेल. तोवर आवडून घ्या, नाहीतर खोलीतलं हवं ते आधीच बाहेर काढा. नंतर मला फोन करून उपयोग नसतो."

तिने प्रयत्न केला. दोन तास ती आपल्या खोलीच्या ओल्या दारासमोर उभी राहिली. चहा आठवला, चॉकलेट आठवलं, घोड्याची पाठ आठवली. ते सगळं तिला आवडायचं. दार मात्र जळक्या गुळाचंच राहिलं. साडेतीनला तिने उशी, चार्जर आणि दोन ड्रेस पॅसेजमध्ये आणून ठेवले. बाहेरच्या दाराची तेवढी भीती नव्हती. ते बिल्डरने रंगवलेलं असतं, त्याला हा नियम लागत नाही.

"धूळ बसेल, दारं लावून घ्या," काका ओरडले आणि आपल्या खोलीत आडवे झाले. पप्पा त्यांच्या खोलीत गेले, आई स्वयंपाकघरात. स्वयंपाकघराला दार काकांनीच बसवून घेतलं होतं, पाहुण्यांना पसारा दिसू नये म्हणून.

"आई, तू तरी बाहेर ये."

"अगं, ते रागावतील. आणि खूण केलीय ना मी."

चारला पहिल्यांदा काकांचं हँडल खडखडलं. मग पप्पांचं. मग आईने आतून हाक मारली, काकांना ऐकू जाऊ नये इतकी हळू: "सपे, उघडत नाही गं."

स्वप्नालीने काकांच्या दाराला कान लावला. "तुम्हीच निवडलात ना?"

"मला पिवळसर सागवानी आवडतो," आतून आवाज आला. "वॉलनट व्याह्यांकडे आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"थोरल्यांनी ठरवायचं असतं. आवडायचं धाकट्यांनी."

"पप्पा, तुम्ही?"

"दादाला आवडलाय असं वाटलं."

आईला तिने विचारलंच नाही. ती मिस्त्रींकडे वळली. "रंग बदलता येतो का?"

"येतो की. सगळ्यांनी एका खोलीत बसून एका कागदावर सह्या करायच्या." मिस्त्रींनी तिन्ही दारांकडे नीट पाहिलं. "बघा कसं जमतंय."

स्वयंपाकघराच्या दाराखालून एक पोळी बाहेर आली, गरम, नेहमीपेक्षा पातळ. स्वप्नालीने ती उचलून काकांच्या दाराखालून सरकवली.

"भाकरी नाही का?" काकांनी विचारलं.

मिस्त्री सामान आवरत होते. "डब्यात थोडं उरलंय. बाहेरच्या दारालाही एक हात मारू? सगळं एकसारखं दिसेल."

तिन्ही दारांमागून एकदम आवाज आला, "चालेल."

"नको!" स्वप्नाली किंचाळली.

"हो ताई, तुमचं नापसंत नोंदवलेलं आहेच," मिस्त्री समजुतीने म्हणाले.

ती धावत जाऊन उंबऱ्यावर बसली, एक पाय आत, एक पाय जिन्यात. मिस्त्रींनी चिंधी पिळली आणि दाराच्या वरच्या कडेपासून सुरुवात केली. आत, स्वयंपाकघराच्या दाराखालून दुसरी पोळी बाहेर आली.