अण्णा आणि भिंतीचा ताप

घासलेटचे डबे कापून मी आमच्या चुलीवर धुराडं चढवलं, आणि माळ्यावर ते उघडंबोडकं दिसू नये म्हणून त्याच्याभोवती फणसाच्या फळ्यांची घट्ट पेटी ठोकली. शेजारी नारळाच्या सोडणांचा ढीग होता. माथेरानला एका साहेबाच्या बंगल्यावर मी तसली चिमणी पाहिली होती. बाहेरून.

अण्णा आले नसते तर हे लिहायला मी कदाचित उरलो असतो. घर उरलं नसतं.

अण्णा आमचे दिवेआगरचे शेजारी. मधे फक्त सुपारीची वाडी. कुणाकडेही गेले की झोपाळ्यावर टेकण्याआधी थेट सैपाकघरात शिरायचे आणि चुलीमागच्या भिंतीला पालथा हात लावायचे, तापकरी पोराच्या कपाळाला लावतात तसा. मग निदान. "कणकण आहे." किंवा, "ठीक. बरी आहे." पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हाही त्यांनी मुलीआधी भिंत पाहिली, आणि भिंत चांगली निघाली म्हणून लग्न ठरवून आले. संसार उत्तम चाललाय.

माझ्या पेटीला मात्र त्यांनी हात लावला आणि चटकन मागे घेतला. कोयत्यानं एक फळी उचकटली. आतून ती काळी ठिक्कर पडली होती.

"बाळ्या, आधी चूल विझव."

मग धोतर खोचून ते स्वतःच कामाला लागले. जमिनीपासून कौलांपर्यंत नळकांड्याभोवती जांभ्याच्या चिऱ्यांचा कोट उभा केला, पण नळकांड्याला कुठेही न टेकणारा. मधे वीतभर पोकळी, खाली वारा शिरायला झरोका, वर निघायला दुसरा. आग आणि घर यांच्यामधे वाऱ्याला बसवायचं, तो भांडण लागू देत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी चिरे उचलून द्यायचो आणि ते परत खाली ठेवायला लावायचे.

चूल पेटली. आत जाळ घोंघावत वर चालला होता, आणि बाहेर मी चिऱ्याला गाल लावून उभा. नुसती ऊब. एवढं जिवंत, खवळलेलं काहीतरी हातभर अंतरावर उभं आहे आणि आपल्याला काही करत नाही, या विचारानं माझी बोलतीच बंद झाली. माझी बोलती बंद होणं ही आमच्या गावात बातमी असते.

तेव्हापासून अण्णा रोज तिन्हीसांजेला येऊ लागले. भिंतीला हात लावायचे, "ठीक" म्हणायचे, आणि हात काढायला विसरायचे. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, भिंत चांगली धडधाकट आहे, रोज रोज नाडी कशाला बघता? त्यांनी हात काढून घेतला, उपरणं सावरलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. नंतरही नाहीत.

शेवटी आई परसातून त्यांच्याकडे डोकावून आली. अण्णांच्या चुलीत मांजर व्यालं होतं. काकू गेल्यापासून तिथं जाळ झालाच नव्हता; दोन्ही वेळा ताकात भिजवलेले पोहे.

"जा," आई मला म्हणाली. "सांग, भिंत तापलीय."

अण्णा धोतराचा सोगा हातात धरून धावत आले. इकडेतिकडे न बघता भिंतीला पालथा हात लावला. मग सुलटा. मग दोन्ही. वळले तर चुलीसमोर पाट मांडलेला, केळीच्या पानावर वाफाळता भात.

"वहिनी, हिला ताप नाही हो," ते हळूच म्हणाले.

"भिंतीला नाहीच," आई म्हणाली. "आमच्या बाळ्याच्या डोक्याला आहे. बसा जेवायला."