खोक्यातला आहेर

सोलापुरात आमच्या गल्लीतले अंबादास अण्णा खेळाडूंच्या कार्डांचा खोका उघडतात तेव्हा त्यांच्या हातात माईक असतो, आणि त्या माईकची वायर कुठंच जोडलेली नसते. ती टेबलावरून खाली लोंबत असते. टोकाला पिनसुद्धा नाही. एकदा मी म्हटलं, "अण्णा, हा बंद माईक कशाला? मोबाईलमध्ये आवाज येतोच की."

"माईक बंद हाय मॅडम," अण्णा म्हणाले, "आमी चालू हाय की वो."

हे मात्र खरं. अण्णांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. मागांच्या खडखडाटात शेजारच्याला 'चहा आला' एवढं सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. त्यातून कमावलेला तो आवाज. अण्णा घरात बायकोकडे तेलुगूत मीठ मागतात ते आम्हाला दोन घरं पलीकडे कळतं, आणि आम्हाला तेलुगू येत नाही.

ज्यांना हा खोक्यांचा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खेळाडूंचे फोटो छापलेली जाड, गुळगुळीत कार्डं मिळतात. एका खोक्यात बंद पाकिटं, पाकिटात कार्डं, आणि कुठल्या पाकिटात कोण निघेल ते देवाला ठाऊक. बरीचशी साधी, एखादं चकाकणारं, दुर्मीळ. शौकीन लोक असे खोके कॅमेऱ्यासमोर उघडतात, काय निघालं ते दाखवतात, खोका घ्यावा की घेऊ नये ते सांगतात, आणि बाकीचे लोक बसून ते बघतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, जगाला कामधंदे उरलेले नाहीत. मग अण्णांसमोर मोबाईल धरायचं काम माझ्याच गळ्यात आलं. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणजे मला फोटोतलं कळतं, असा अण्णांचा समज आहे.

पण अण्णा खोका उघडतात तसा जगात दुसरं कुणी उघडत नसेल. कारण अण्णा मूळचे आहेर पुकारणारे. आमच्या भागातल्या लग्नांत मांडवाच्या कडेला माईक घेऊन बसायचं आणि कुणी काय आणलं ते गावाला ऐकवायचं, ही त्यांची हौस. "इकडं लक्ष असू द्या मंडळी! करकंबचे आत्याबा यांच्याकडून नवरदेवाला टॉवेल-टोपी!" एकाच लग्नात सहा भिंतीवरची घड्याळं आली तर सहाव्या घड्याळालाही पहिल्याइतकाच जोर. सोन्याची अंगठी आली म्हणून आवाज चढला नाही, स्टीलची ताटली आली म्हणून उतरला नाही. "नाव पुकारलं की माणूस जेवल्यासारखा वाटतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "न्हाय पुकारलं तर बासुंदी खाऊन बी उपाशीच जातो."

माझ्यावर तर अण्णांचे उपकार आहेत. मी वैरागची, लग्न होऊन या गल्लीत आले. माझ्या मामाचे दिवस तेव्हा वाईट चालले होते. सासरकडून कपाट, मिक्सर, काय काय येत होतं आणि मामा मांडवाच्या खांबाला टेकून धोतराच्या सोग्यात काहीतरी धरून उभा. एक पितळी तांब्या. तोही वापरातला, चिंचेनं घासून आणलेला. मी मुंडावळ्यांतून बघत होते आणि धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. अण्णांनी तांब्या हातात घेतला, उजेडात धरला आणि मांडव दणाणून सोडला. "वैरागचे मामा यांच्याकडून भाचीला संसाराचा पैला तांब्या! पाण्यावाचून संसार न्हाय मंडळी, बाकीचं नंतर!" मामाची मान अशी काही ताठ झाली की ती पुढे मरेपर्यंत खाली आली नाही. अशा माणसानं मोबाईल धरायला बोलावलं तर मी भाजी अर्धी चिरलेली ठेवून जाते.

पुढे पत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापायची पद्धत आली आणि अण्णांचा आवाज घरी बसला. पत्रिका हातात धरून ते मला विचारायचे, "काय वो मॅडम, हे आवतान हाय का नोटीस?"

आणि खुद्द त्यांच्या लेकीचं, पल्लवीचं लग्न झालं तेव्हा तर मांडवच पडला नाही. ती पुण्यात नोकरीला. तिथंच सागर नावाच्या मुलाशी तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि मग फोन केला. मुलगा सांगोल्याकडचा, घरी मेंढरं आणि थोडी डाळिंबं. गल्लीत कुजबुज झाली ती अर्थातच जातीवरून. अण्णांनी ती झटकून टाकली. "जातीचं सोडा वो. ते लोकरीचं घोंगडं विणणार, आमी सुताची चादर विणणार, सोयरीक जुनीच हाय की. पण एक नाव पुकारलं न्हाय! दोघा जणांनी सही केली म्हणे. लगीन हाय का गाडीचं आरसी बुक?"

हे हसत सांगितलं खरं, पण त्या दिवसापासून अण्णा लेकीशी बोलेनात. त्यांच्या बायको लक्ष्मीअक्का स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीआड पल्लवीशी बोलायच्या. अण्णा बाहेर पेपर उलटा धरून ऐकायचे. सगळ्या गल्लीचे आहेर पुकारलेला माणूस, आणि स्वतःच्या जावयाचं नाव घरात काढायचं नाही. त्यांच्या तोंडून ते नाव कधी निघणार, एवढाच त्या घरात प्रश्न उरला होता.

अशात पहिला खोका आला. कुरिअरनं, पुण्याहून. सागरला लहानपणापासून कार्डं जमवायचा नाद, तेव्हा सासऱ्याला काय पाठवावं म्हणून त्या बापड्यानं स्वतःला जे सगळ्यात आवडतं तेच पाठवलं. तो खोका अण्णांच्या टेबलावर दोन-तीन दिवस नुसता पडून होता. परत पाठवता येईना, कारण 'आलेला आहेर परत करायचा नसतो' हा अण्णांचाच नियम. उघडला तर पुकारल्याशिवाय ठेवता येईना, कारण तोही अण्णांचाच नियम. शेवटी त्यांनी माळ्यावरचा जुना माईक काढला आणि मला हाक मारली.

"इकडं लक्ष असू द्या मंडळी! न्यूझीलंडच्या पाहुण्यांकडून एक यष्टिरक्षक, सप्रेम! वेस्ट इंडीजच्या मंडळींकडून उंच गोलंदाज, जागा करा वो, जागा करा!"

खोका कुणी पाठवला, ते सोडून सगळं पुकारलं.

तो व्हिडिओ मी गंमत म्हणून टाकला आणि कुठकुठली कार्डवेडी पोरं तो बघायला लागली. दर महिन्याला एक खोका यायला लागला, दर महिन्याला आमचा मांडव पडायला लागला. अण्णांचं परीक्षणही पंगतीच्या हिशेबानं चालतं. चांगला खोका म्हणजे 'मठ्ठ्यासकट जेवण'. बेताचा म्हणजे 'चहा-पोह्यांवर बोळवण'. एकदा फुटबॉलवाल्यांचा खोका आला, त्यातलं एक नाव अण्णांना काही केल्या उच्चारता येईना. "आडनाव लई जड हाय," त्यांनी जाहीर केलं, "माणूस मात्र हलका दिसतोय. घरचं जेवण पाहिजे याला." चकाकणारं कार्ड निघालं की पोरं व्हिडिओखाली लिहून आरडाओरडा करतात. अण्णा त्याला साध्या कार्डाइतकाच जोर देतात. एकानं लिहिलं, अंकल, साधी कार्डं भराभर दाखवा, चांगल्याकडे या. अण्णा पुढच्या वेळी माईकमध्ये म्हणाले, "साधं म्हणजे काय वो? त्याच्या आईला इचारा."

एका खोक्यातून तर खेळाडूनं स्वतः सही केलेलं कार्ड निघालं. शौकीन लोक यासाठी जीव टाकतात. अण्णांनी ते नाकाजवळ नेलं, थुंकी लावून अंगठा घासला आणि माईकमध्ये तक्रार केली, "कोऱ्या करकरीत मालावर कुणीतरी पेनानं गिरगटलंय. दुकानदारानं बदलून द्यावं!" खाली पोरं अक्षरशः रडली. ती सही आहे, असं मी समजावल्यावर म्हणाले, "मग खाली कंसात नाव लिवावं की, ब्यांकेत लिवतात तसं."

हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे परीक्षण जगासाठी नव्हतंच. अण्णा माईकमध्ये म्हणाले, "खोक्याचा कोपरा चेपलाय, पाठवणाऱ्यानं जरा काळजी घ्यावी." पुढच्या महिन्यात खोका आला तो एका ओढणीत गुंडाळून. पल्लवीची कॉलेजातली निळी ओढणी. अक्कांनी ती उचलली, घडी केली आणि कपाटात नेऊन ठेवली. अण्णांनी सगळं बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "आवरण, उत्तम." एकदा म्हणाले, "सारखे क्रिकेटवालेच कशाला? कबड्डीवाल्यांच्या घरी लग्नं होत न्हाईत का?" पुढच्या महिन्यात कबड्डीवाले हजर. मग अण्णांनी सांगितलं, "पाठवणारा ऐकतो. ऐकणारं माणूस चांगलं." सासरा-जावई असे दोन वर्षं बोलत होते. अण्णा माईकमधून आणि सागर कुरिअरमधून. नाव मात्र नाही.

मग एका महिन्यात खोका आला नाही.

सागर आता ठणठणीत बरा आहे, हे मी आधीच सांगून टाकते. असल्या बाबतीत वाचकाचा जीव टांगून ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. पण तेव्हा अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कुरिअरवाल्याची गाडी गल्लीत वाजली की ते दाराशी. गाडी पुढे गेली की दाराची कडी तपासत असल्यासारखं करायचे. मी वाटीभर शेंगाचटणी घेऊन गेले होते, तेव्हा ते हवेतच म्हणाले, "कुरिअरवाल्यांचा संप हाय वाटतं."

अक्का बाहेर आल्या. मला तर वाटतं त्या दोन वर्षं याच वाक्याची वाट बघत होत्या. "संप न्हाय," त्या म्हणाल्या. "पाठवणारा दवाखान्यात पडलाय. डेंगी झालाय. प्लेटलेट उतरल्यात. पोरगी एकटी हाय तितं."

अण्णा उठले, आत गेले. पलंगाखालची पेटी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले ते हातात एक पिशवी घेऊन. टेबलावर त्यांनी एकेक वस्तू मांडली. हिरवी काठापदराची साडी, खण, पँट-शर्टाचं कापड, टॉवेल, टोपी. लेकी-जावयाचा पहिला आहेर असतो तसा, कुठं काही कमी नाही. अक्का ती साडी पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

"मॅडम, फोन धरा," अण्णा म्हणाले.

मी धरला. अण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, माईक घेतला. "इकडं लक्ष असू द्या मंडळी! वधूपिता..." आणि थांबले. मी व्हिडिओ बंद केला, पुन्हा चालू केला. "वधूपिता, सोलापूरचे..." पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी तर 'वधूपिता' म्हणतानाच त्यांचा आवाज फाटला. तो आवाज फाटलेला मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"गावाची नावं घेतली वो मॅडम," त्यांनी माईक खाली केला. "आपलं कधी घेतलं न्हाय. जीभच वळंना."

चौथ्यांदा त्यांनी सुरुवात केली आणि तिथंच अडकले.

अक्का साडीशेजारी उभ्या होत्या. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याला 'एमंडी' म्हणतात, म्हणजे आपलं 'अहो'. हळदीकुंकवाला आम्ही बायका नाव घ्या म्हणून कितीही मागे लागलो तरी त्यांनी कधी दाद दिली नव्हती. त्या एक पाऊल पुढे आल्या. माईक अण्णांच्याच हातात राहू दिला, नुसती मान वाकवून तोंड त्याच्याजवळ नेलं आणि शाळेतल्या मुलीसारखं एका दमात म्हणाल्या, "सोलापूरचे अंबादास राजय्या यांच्याकडून!"

अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग छाती भरून श्वास घेतला आणि तो मागावरचा सगळा आवाज एकदम परत आला.

"यांच्याकडून, लेक पल्लवी आणि जावई सागर यांना भर आहेर! जावईबापू, लवकर बरे व्हा आणि टॉवेल-टोपी घ्यायला घरी या! टाळ्या मंडळी, टाळ्या!"

टाळ्या वाजवायला आम्ही दोघीच होतो. माझा एक हात मोबाईलमध्ये अडकलेला, म्हणून मी दुसऱ्या हातानं मांडीवर थापा मारत राहिले. अक्कांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढ्या मोठ्यानं नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.