दोन दातांमधली जागा

मोठं झालं की काय काय करायचं, याची मिठूनं रीतसर यादी केली होती. यादीतली पहिली ओळ होती, भिंतीवरची पोस्टरं उतरवणे. दुसरी ओळ अजून सुचायची होती, पण घाई नव्हती. पोस्टरं सतरा होती आणि सतराही एकाच बाईची होती.

त्या गायिकेला सगळे बुलबुल म्हणत. तिच्या समोरच्या दोन दातांमध्ये चांगली ठसठशीत फट होती आणि गाण्यात 'स' आला की त्या फटीतून एक बारीकशी शीळ निघायची. तिचे चाहते त्या शिळेवर जीव टाकत. ते स्वतःला शीळवाले म्हणवत आणि कार्यक्रमात ती शीळ आली की पाच हजार जण मिळून उलट शीळ घालत. मिठू चौदाव्या वर्षापासून शीळवाली होती. तीन वर्षं तर शीळवाल्यांच्या मंडळाची चिटणीस होती. दिवसरात्र तीच गाणी म्हणते म्हणून घरच्यांनी तिचं मिठू करून टाकलं होतं.

"मी आता त्यातून बाहेर पडले," रविवारी सकाळी चहा घेता घेता मिठूनं जाहीर केलं. "चोवीस वर्षांची बाई आहे मी. नोकरी आहे मला."

"कायम झाली का?" तिच्या मोठ्या बहिणीनं विचारलं. ताईला नेमक्या ठिकाणी टाचणी टोचायची उपजत कला होती.

"होईल. याच महिन्यात."

मिठू एका डेंटल लॅबमध्ये उमेदवारी करत होती. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून साचे करायचे आणि साच्यांवर दात घडवायचे, असा तो उद्योग. सहा महिने मिठू मागच्या भिंतीजवळ प्लास्टर ओतत होती आणि संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी घरी येत होती. खिडकीजवळ एक टेबल होतं. तिथे समोरचे दात घडत. ते करणारे गृहस्थ निवृत्त झाले होते आणि मिठूचा जीव त्या टेबलावर जडला होता.

लॅबचे मालक, म्हणजे काका, म्हणाले होते, "दाढ कोणीही करेल. समोरच्या दाताला नजर लागते. एक केस देतो. जमलं तर खिडकी तुझी. नाही जमलं तर प्लास्टर, आणि पुन्हा विचारायला यायचं नाही."

काकांचा आणखी एक नियम होता. दातांना नाव नसतं. चिठ्ठीवर नुसता नंबर. कोणाचे, काय, कसे, हे विचारायचं नाही आणि कळलंच तर गिळून टाकायचं.

सोमवारी मिठूच्या हातात केस आली. नंबर चारशे सतरा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'वरचे समोरचे दोन दात तुटले आहेत. दोन कॅप. मधली फट बंद करावी. आवाजाचं काम आहे, जपून. गुरुवारी सकाळी हवेत.'

मिठूनं साचा कागदातून सोडवला आणि उजेडात धरला. मग खुर्चीवर बसली. खुर्ची अर्धा हात मागे होती, हे तिला जमिनीवर पोचल्यावर कळलं.

दात घासून त्यांचे खुंट करून ठेवले होते, तरी मधली जागा ओळखू येत होती. दाराएवढ्या पोस्टरवर तिनं ती दहा वर्षं रोज पाहिली होती. तीच आता तिच्या तळहातात मावत होती. शिवाय, दहा दिवसांपूर्वी बुलबुल रंगमंचाच्या पायरीवरून घसरली होती. 'किरकोळ दुखापत' असं छापून आलं होतं आणि कार्यक्रम येत्या शनिवारवर गेला होता. मिठूला साच्याला पाया पडावंसं वाटलं. आसपास माणसं होती म्हणून तिनं नुसता रुमालानं पुसला.

"काका, ही केस..."

"चारशे सतरा."

"हो, पण हे दात..."

"चारशे सतरा, मिठू."

ती जागेवर आली आणि तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. मधली फट बंद करावी.  हे डॉक्टरचंच डोकं, तिला खात्री पटली. सुताराला वाकडी फळी दिसली की रंधा आठवतो, तसं या लोकांना फट दिसली की हात शिवशिवतात. बुलबुलला बिचारीला काय कल्पना? तोंडात सुई खुपसलेली असताना माणूस कशालाही मान डोलावतं. म्हणजे ती शीळ आणि तिचा सर्वनाश यांच्या मधोमध आज जगात एकच व्यक्ती उभी होती, आणि ती व्यक्ती उमेदवारीवर होती.

मिठूनं फट वाचवायचं ठरवलं.

मंगळवारी संध्याकाळी, रविवारी उतरवून पलंगाखाली ठेवलेल्या गठ्ठ्यातलं सगळ्यात मोठं, लाल कोटातलं पोस्टर बाहेर आलं. मिठू जमिनीवर पालथी पडून बुलबुलच्या दातांवर पट्टी आणि कंपास लावत होती, इतक्यात ताई आत आली.

"बाहेर पडलीस ना त्यातून?"

"ऑफिसचं काम आहे हे."

"बरं," ताई म्हणाली आणि दार ओढून गेली. ताईचं ते 'बरं' शिव्यांपेक्षा वाईट होतं. पण मिठूला दुखावून घ्यायला वेळ नव्हता. पोस्टरवर डावा दात किंचित आत वळलेला दिसत होता. किती वळलाय, ते तिनं तीनदा मोजलं.

बुधवारी तिनं दात घडवले. चिनी मातीची पावडर कालवायची, ब्रशच्या टोकानं थर द्यायचा, भट्टीत भाजायचं, पुन्हा थर. जेवणाच्या सुट्टीत ती उठली नाही. संध्याकाळी दोन दात तिच्यासमोर उभे होते, मधे ती फट आणि डावा दात जरासा वळलेला. असं काही आपल्या हातून होऊ शकतं, यावर तिचा विश्वास बसेना. ती बराच वेळ नुसती बघत राहिली.

काका एरवी प्रत्येक काम भिंगाखाली धरून, चिठ्ठीशी ताडून पाहत. पण त्या दिवशी सकाळी काकांनी स्वतःचीच दाढ काढून घेतली होती. गालात कापूस कोंबलेला आणि तोंड सुजलेलं. त्यांनी लांबूनच रंग पाहिला, चकाकी पाहिली.

"हं," काका म्हणाले.

ही शाबासकी समजून मिठूनं डबी दवाखान्यात पाठवून दिली.

गुरुवारी साडेदहाला दवाखान्यातून फोन आला. काकांच्या गालातला कापूस निघाला होता, तरी ते नुसतं ऐकत राहिले.

"मिठू, चारशे सतराच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं?"

"फट बंद करावी."

"आणि तू?"

"नाही केली."

"का?"

कारण सांगायचं तर नाव घ्यावं लागणार होतं. "मला वाटलं, चुकून लिहिलं असेल," ती पुटपुटली.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "पेशंट स्वतः इकडे येतोय. तो असेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाहीस. गेला की प्लास्टरकडे जायचं."

अर्ध्या तासानं तोंडावर रुमाल धरून एक ठेंगणी बाई आत आली. पोस्टरात ती दाराएवढी होती. इथे ती मिठूच्या खांद्याला लागत होती. फाटक्या रेक्झिनच्या स्टुलावर ती सहज बसली, कुठल्याही माणसानं बसावं तशी. मिठू उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. आपल्या आणि तिच्या नाकात एकच प्लास्टरची धूळ जातेय, या विचारानंच तिला गरगरायला लागलं.

बुलबुलनं डबी उघडली. "कोणी केले हे?"

"मी," मिठू म्हणाली. दहा वर्षं तिनं या भेटीसाठी भाषणं पाठ करून ठेवली होती. प्रत्यक्षात एवढंच बाहेर पडलं.

"सुंदर आहेत. फक्त वळलेला दात माझा उजवा होता. तू डावा केलास."

"नाही, डावाच आहे," मिठू बोलून गेली.

काका खोकले. बुलबुलनं तिच्याकडे नीट पाहिलं.

"सत्तेचाळीस वर्षं माझ्या तोंडात होता तो, बाळा. लाल कोटातलं पोस्टर का?"

मिठूनं होकारार्थी मान हलवली.

"ते उलटं छापलंय."

 दहा वर्षं रोज सकाळी ती एका उलट्या बाईला सुप्रभात म्हणत आली होती. काकांना आता सगळा उलगडा झाला. "मी माफी मागतो," ते म्हणाले. "आमच्याकडे असं होत नाही. ही मुलगी उद्यापासून..."

"थांबा हो." बुलबुल मिठूकडे वळली. "बंद कर म्हणून लिहिलं होतं ना? मग?"

"तुमची शीळ जाईल," मिठू म्हणाली.

 बुलबुल रुमालाआडून हसली. "अगं, शाळेत सगळी पोरं मला किटली म्हणायची त्या शिळेवरून. पुढे गाणं चाललं आणि लोक किटलीसाठीच यायला लागले. मी वर जीव तोडून गातेय आणि खाली सगळे 'स' कधी येतो म्हणून टपून बसलेत. वीस वर्षं. दात तुटले तेव्हा आधी रडले मी. मग त्या दिवशी झोप लागली म्हणून सांगू, कित्येक वर्षांत अशी लागली नव्हती. एकदा मला नुसतं गाऊन बघायचंय." तिनं डबीचं झाकण लावलं. "पोस्टर आहे अजून भिंतीवर?"

"रविवारी काढलं."

"का?"

"मोठी झाले म्हणून."

"मग मलाही होऊ दे की."

 बुलबुल उठली आणि काकांना म्हणाली, "शनिवारी कार्यक्रम आहे. उद्या दुपारपर्यंत द्या. आणि हिच्याकडूनच करून घ्या."

"हिच्याकडून?"

"नुसत्या कागदावरून इतका माझा दात करणारं दुसरं कोण आहे तुमच्याकडे?"

ती गेल्यावर काका म्हणाले, "उद्या दुपारी दोन. या वेळी चुकलीस तर प्लास्टरसुद्धा नाही."

शुक्रवारी सकाळी मिठू तेवढ्या केसपुरती खिडकीजवळ बसली. वळलेला दात सरळ केला. मग दोन्ही दातांच्या कडांना ब्रशनं एकेक थर द्यायला लागली. दर थरानिशी ती फट थोडी थोडी आक्रसत होती. एका क्षणी तिचे डोळे भरून आले. पण ओल्या पावडरीत काही पडलं तर भट्टीत फोड येतो, हे काकांनी बजावलेलं होतं. म्हणून तिनं मान वळवून खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं आणि पुन्हा कामाला लागली. दोन वाजता काकांनी भिंग लावलं, चिठ्ठी वाचली, पुन्हा भिंग लावलं.

"हं," काका म्हणाले. या वेळी तोंडात कापूस नव्हता.

दवाखान्यात दात बसवून बुलबुल थेट लॅबमध्ये आली. रुमाल नव्हता. ती दारातच उभी राहिली आणि तिनं ते गाणं म्हटलं, ज्यातल्या तिसऱ्या ओळीवर सगळे शीळ घालतात. घासायची मशीनं एकेक करून बंद झाली. तिसरी ओळ आली, 'स' आला, शीळ आली नाही. आवाज तसाच पुढे गेला, खाली उतरला आणि अगदी हलकेच एका जागी येऊन थांबला. मिठू थक्क झाली. हजार वेळा ऐकलेल्या त्या ओळीला असा शेवट आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. कार्यक्रमात तिथे पोचेपर्यंत पाच हजार लोक शीळ घालत असायचे आणि मिठू त्यात सगळ्यांत मोठ्यानं घालायची.

"शीळ गेली," बुलबुल म्हणाली. "उरलं का काही?"

मिठूनं जोरजोरात होकारार्थी मान हलवली. 

"सोमवारपासून खिडकी," काका मशीन सुरू करता करता म्हणाले. "आणि दातांना?"

"नाव नसतं."

शनिवारचा कार्यक्रम झाला. रविवारी शीळवाल्यांच्या अध्यक्षांनी तातडीची बैठक बोलावली आणि माजी चिटणीस म्हणून मिठूलाही बोलावणं आलं. अध्यक्षांचं चष्म्यांचं दुकान होतं. तिथे वीस माणसं कशीबशी मावली होती आणि वीसही सुतकी चेहऱ्याची होती. मिठूनं तसा चेहरा आरशात पाहून करून घेतला होता.

"ही फट बंद करणारा जो कोणी कसाई असेल, त्याला कलेतलं ओ का ठो कळत नाही," अध्यक्ष म्हणाले. "निषेधाचं पत्र जायलाच हवं. मिठू, तुला दातांतलं कळतं. तूच लिही."

नाही म्हणावं तर का, हे सांगावं लागलं असतं. मिठूनं लिहिलं. 'निर्दय', 'अरसिक', 'अक्षम्य' असे शब्द तिनं स्वतःच्या हातानं स्वतःला बहाल केले. पत्र वाचून झालं तेव्हा दोघातिघांनी डोळे पुसले.

"अप्रतिम," अध्यक्ष म्हणाले. "फक्त हे शेवटचं वाक्य काढ. 'काम मात्र अत्यंत सफाईदार झालं आहे, याची मंडळ आदरपूर्वक नोंद घेत आहे.' हे कशाला?"

"ते राहू दे," मिठू म्हणाली.

पाऊण तास वाद झाला. मिठू इंचभरही हटली नाही. शेवटी मतदान घ्यावं लागलं आणि एक विरुद्ध एकोणीस मतांनी ते वाक्य पडलं.