सहा वाट्या, दोन व्याही

"बाबा, एकच सांगते," मुलगी फोनवर म्हणाली, "माझ्या होणाऱ्या सासूबाईंना पानात टाकलेलं चालत नाही. समोर येईल ते संपवा. आम्ही दहा मिनिटांत पोचतोच."

घड्याळवाल्यांनी फोन खिशात ठेवला आणि कोरियन-जपानी जेवणाच्या त्या छोट्या हॉटेलच्या दाराशी बूट काढले. बायको गेल्यापासून पाहुण्यांशी बोलायची त्यांची सवय मोडली होती. दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि घड्याळांशीच काय ते बोलायचं. त्यात होणाऱ्या जावयाची आई निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं आणि वचकून असायचं.

बाई बुटक्या टेबलापाशी गादीवर ताठ बसल्या होत्या. त्यांनाही सकाळी मुलाने बजावलं होतं, "आई, तिचे बाबा फार संकोची आहेत. समोरचा थांबला की तेही हात आवरतात आणि उपाशी राहतात. तू आपली खात राहा."

दोघांनी नमस्कार केला. हवेबद्दल बोलून झालं. रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलून झालं. पुढे काय बोलायचं हा प्रश्न उभा राहिला, तेवढ्यात हॉटेलची मालकीण ट्रे घेऊन आली आणि तिने सहा छोट्या वाट्या मांडल्या. आंबवलेला तिखट कोबी, तीळ लावलेला पालक, गोडसर रसातले बटाटे, मोडाची कोशिंबीर, मुळ्याच्या फोडी आणि अंड्याच्या गुंडाळलेल्या पोळीचे काप.

"मुलं येईपर्यंत हे घ्या. हे जेवणाबरोबरचंच असतं," ती म्हणाली.

घड्याळवाल्यांनी धातूच्या काड्या उचलल्या. आयुष्यभर चिमट्याने राईएवढे स्क्रू उचललेला हात तो. टेबलावर सांडलेला तिळाचा दाणासुद्धा त्यांनी काड्यांनी टिपला.

"हात छान आहे तुमचा," बाई म्हणाल्या आणि आपल्या काड्या बाजूला ठेवून त्यांनी चमचा घेतला.

कौतुकाने घड्याळवाल्यांना हुरूप आला. पंधरा मिनिटांत सहाही वाट्या लख्ख झाल्या. मालकिणीने लांबून पाहिलं, वाट्या उचलल्या आणि काठोकाठ भरून आणल्या.

घड्याळवाल्यांनी वाट्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बटाटा उचलला. माणूस थांबता कामा नये. बाई खातायत हे पाहून घड्याळवाल्यांनी पालकात काड्या घातल्या. पानात राहता कामा नये.

"आवडलेलं दिसतंय तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"हो, फार," घड्याळवाले म्हणाले. पालक त्यांनी उभ्या जन्मात मागून घेतला नव्हता.

तिसऱ्यांदा वाट्या भरून आल्या तेव्हा त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि पट्टा एक भोक मागे गेला होता. बाईंचा ताठ कणा हळूहळू भिंतीला टेकला होता. काय दांडगा आहार आहे या माणसाचा, आणि लेकाला म्हणे हा संकोची वाटतो, असं त्यांच्या मनात येत होतं. घड्याळवाले वेगळीच चिंता करत होते. या घरात आपली पोर स्वयंपाकघरातून बाहेर कधी येणार?

चौथ्या खेपेला मालकीण कोबीची वाटी ठेवायला वाकली आणि घड्याळवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, हे संपत कसं नाही?"

"तुम्ही संपवता म्हणून," मालकीण म्हणाली. "रिकामी वाटी दिसली की आम्ही भरतो. थोडं ठेवलं की समजतो, पोट भरलं."

घड्याळवाल्यांनी काड्या खाली ठेवल्या.

"तुम्हाला पानात टाकलेलं चालत नाही ना," घड्याळवाले हळूच म्हणाले.

"ते पोरांना सांगायची मी, शाळेत. तुम्हाला कशाला सांगेन?" बाईंनी चमचा खाली ठेवला. "मी थांबले तर तुम्ही उपाशी राहाल, म्हणून खात होते. एरवी दुपारी माझं दीड पोळीवर भागतं."

घड्याळवाले आधी गालातल्या गालात हसले. मग बाई हसायला लागल्या, आणि हसताना पोट दुखतं म्हणून दोघांनी पोटं धरली. त्यानंतर मात्र बोलणं थांबेना. एकटं जेवताना घास तोंडात कसा फिरतो हे बाईंनी सांगितलं. आपण दुकानातच उभ्याउभ्या जेवतो, हे घड्याळवाल्यांनी कबूल केलं. हे त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

पाऊण तासाने मुलं आली. एकमेकांकडे न बघता दोन टोकांना बसली. मुलीचे डोळे लाल होते.

"बाबा, लग्नाचं जरा लांबणीवर टाकू या," ती म्हणाली. "हा म्हणतो घर आईच्या शेजारी घ्यायचं. मग तुमच्याकडे कोण बघणार?"

"आणि आई एकटी पडेल त्याचं काय?" मुलगा म्हणाला. "सकाळपासून हेच चाललंय. गाडीतसुद्धा हेच."

दोघांनी आपापल्या माणसाकडे आशेने पाहिलं. घड्याळवाल्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी घसा साफ केला.

"लग्न ठरल्या दिवशीच होईल," त्या म्हणाल्या. "यांच्यासमोर मी तीन वेळा सहा वाट्या संपवल्यात. आता नातं मोडून मला गावात तोंड दाखवता येणार नाही."

"आणि घर?" मुलीने विचारलं.

"लांब घ्या," घड्याळवाले म्हणाले. "यांच्यापासूनही आणि माझ्यापासूनही. जवळ आलात तर रोज आम्हाला आग्रह करकरून वाढाल."

बाईंनी भिंतीला हात लावला आणि दोन प्रयत्नांत उभ्या राहिल्या.

"तुम्ही दोघं जेवून घ्या सावकाश. मी आणि हे जरा चालून येतो. उद्यापासून यांनी आपला डबा माझ्याकडे येऊन खायचा, असं ठरलंय आमचं."

"आमचं म्हणजे?" मुलाने विचारलं. पण तोवर घड्याळवाले दाराशी बाईंच्या चपला सरळ करून ठेवत होते.